काटा होता तिथं

पुंडलिकनगर
रविवार, ९ नोव्हेंबर

श्री. गोकुळराव दाजी यांना काकासाहेबाचा नमस्कार.

आधी तक्रार, मग खुशाली. खुशाली थांबू शकते.

तक्रार अशी. तुमची मोटारसायकल माझ्या फाटकाच्या आत, पारिजातकाखाली उभी असते. किल्ली काढलेली, स्टँड लावलेला, वर सुलेखाची जुनी चादर. आणि तरीही ती ताशी वीस किलोमीटर वेगानं चाललेली आहे. असं मी म्हणत नाही, तिच्या मीटरचा काटा म्हणतो. सकाळी दूध घ्यायला बाहेर आलो की वीस. शाळेतून परतलो की वीस. उभं असून धावणारं असं वर्णन आमच्या शास्त्रांत एका परब्रह्माचंच येतं, आणि परब्रह्म माझ्या पारिजातकाच्या मुळाशी तेल गाळत नाही. आयुष्यभर पोरांना ‘सत्यं वद’ घोकायला लावणाऱ्या माणसाच्या दारात असं चाकं असलेलं असत्य उभं राहावं, हे शोभत नाही. कृपया याची नोंद घ्यावी.

आता खुशाली. तुम्हाला इथलं काही कळत नसणार. आमचे तिघांचेही नंबर तुम्ही बंद करून ठेवलेत, आणि होसूरचा हा पत्तासुद्धा सुलेखानं तुमच्या चुलतभावाच्या बायकोकडून लोणच्याच्या एका बरणीच्या मोबदल्यात मिळवला. तर: तुम्ही गॅरेज बंद करून गेलात, त्यानंतर मायलेकी माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या. मुळात ते सुलेखाच्या भावाचंच घर, तेव्हा उपकार वगैरे काही नाही. उलट मला वेळेवर भाकरी मिळते. करुणा डिप्लोमा संपवून शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागली. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू मापात आहे की नाही हे पाहायचं. मी वर्गात करतो तेच, फक्त तिला पगार बरा आहे.

ती रोज तुमच्या गाडीवरच जाते. कंपनीची बस चौकात येते हे मी तिला दोनदा सांगून पाहिलं. “मामा, पप्पा गाडी ठेवून गेलेत ते काय शोभेला?” गाडी शोभेची नाही हे तर कोणीही मान्य करील. तीन भंगार गाड्यांतून तुम्ही ती एक केलीत, पुढचे दांडे लांब केलेत, पुढं ते बैलगाडीच्या नात्यातलं मोठं चाक घातलंत. गल्लीतली पोरं तिला ‘उंट’ म्हणतात. करुणा त्यांच्याशी भांडते.

परवा जेवताना ती म्हणाली, “मामा, मीटर लई खोटं बोलतंय. काटा ऐंशीवर असतो, अन् बाजूनं एक बाई स्कूटीवर मेथीच्या जुड्या घेऊन मला मागं टाकून गेली. वर माझ्याकडं बघून हसली.”

“तुला वाईट कशाचं वाटलं? मेथीचं की हसण्याचं?”

“मी दिवसभर लोकांची मापं तपासायची अन् स्वतः खोटा काटा घेऊन गेटात शिरायचं. दुरुस्त करून आणा ना. मला रविवारी बी ओव्हरटाइम हाय.”

म्हणून गाडी सांडूकडं नेतो आहे. सांडू म्हणजे तोच, तुमचा जुना भागीदार, ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही. तुम्ही ज्यांच्याशी बोलत नाही त्यांची संख्या पाहता आम्हाला आता एखादी संस्था नोंदवता येईल. अध्यक्षपद मी घेईन. सांडू विचारतो की मीटर कोणत्या गाडीचं बसवलं आहे आणि केबल कुठली. हे तुम्हीच सांगू शकता. माझ्याबद्दल, सुलेखाबद्दल काही लिहायला नको. उत्तर मीटरबद्दल दिलंत तरी ते मी पत्र समजेन.

आपला
काकासाहेब


पुंडलिकनगर
मंगळवार, १८ नोव्हेंबर

दाजी,

मागचं पत्र तुम्हाला पोचलं असं टपाल खात्याचं म्हणणं आहे. खात्यावर माझा विश्वास आहे. उत्तर आलं नाही, म्हणून सांडूनं स्वतःच्या अकलेनं काम केलं. त्याचा वृत्तांत कळवतो, कारण त्यात एक गोष्ट मला समजलेली नाही.

त्यानं मीटर काढून बाकड्यावर ठेवलं आणि मला वर्गात उभं केल्यासारखं उभं केलं.

“गुरुजी, गोकुळनं पुढचं चाक मोठं घातलंय. मोठं चाक तेवढ्याच रस्त्यात कमी फिरतं. व्हय का नाय?”

“व्हय.”

“मीटर पुढच्या चाकावरनं चालतं. मंग त्यानं कमी दाखवाया पायजे का जास्त?”

“कमी.”

“अन् हे दावतंय जास्त. साठला चालली गाडी तर हे म्हणतंय ऐंशी. आत स्प्रिंग गेली असंल.” हे त्यानं छाती ठोकून सांगितलं. मग काच उघडली, स्प्रिंग धडधाकट निघाली, आणि छाती ठोकण्याचा भाग त्यानं गाळला. काट्याच्या मुळाशी गोंदाचा एक थेंब होता. सुबक, वाळलेला, मोहरीएवढा. काटा काढून, पुढं फिरवून, मुद्दाम चिकटवलेला.

“ये सरक्या नई गुरुजी. सरकाया है.”

मी म्हटलं, गोकुळरावांनी घाईत बसवला असेल. त्यावर तो म्हणाला, “गोकुळ गाडीचं काम कधी घाईत करत न्हाई. घाईत तो फक्त निघून जातो.” हे वाक्य सांडूचं आहे. मी केवळ लेखनिक.

असो. त्यानं काटा शून्यावर बसवला. मोठ्या चाकाचा फरक निघावा म्हणून केबलच्या मुळाशी एक दातेरी डबी घातली. मग खात्री करायला आम्ही दोघं जालना रोडला गेलो. सांडू पुढं, मी मागं, माझ्या हातात मोबाइल. मोबाइल उपग्रहाला विचारून खरा वेग सांगतो. मी तो ओरडून सांगायचा आणि सांडूनं मीटरवरचा ओरडून सांगायचा. चाळीस! चाळीस! पन्नास! पन्नास! बाजूच्या रिक्षातल्या बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं. साठ! साठ! वेदपठणात दोन गट समोरासमोर बसून म्हणतात तसं आमचं चाललं होतं, आणि सांगायला हरकत नाही, मला मजा येत होती.

मी “सत्तर!” ओरडलो आणि पुढून काही आलंच नाही. सांडूनं एकदम ॲक्सिलरेटरची मूठ सोडली. गाडी हळू करत बाजूला घेतली. उतरून पुढच्या चाकाकडं पाहत राहिला.

“काय झालं?”

“काय नाय. मीटर बरूबर हाय. चला.”

“ऐंशीपर्यंत बघायचं ठरलं होतं.”

“बरूबर हाय म्हनलं ना.”

येताना त्यानं एवढी सावकाश चालवली की दोन सायकली पुढं गेल्या. दुकानी चहा मागवला होता तो तसाच ठेवून ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणाला. गिऱ्हाईक नव्हतं.

तेव्हा काटा आता शून्यावर आहे. करुणा खूश आहे. म्हणाली, गाडी पहिल्यापेक्षा पळते. दारातलं असत्य संपलं. पण ज्यानं तो थेंब लावला त्याला काही हेतू असणार, आणि तुम्ही विनाकारण काही करणाऱ्यांतले नाही, निदान पाना हातात असताना नाही. काटा पुढं का बसवला होतात?

काकासाहेब


पुंडलिकनगर
मंगळवार, २५ नोव्हेंबर

दाजी,

काल चौथ्या तासाला मी नववीच्या वर्गात होतो. मोबाइल टेबलावर थरथरला. अनोळखी नंबर, त्यावर तुमचा निरोप: “काटा होता तिथं ठेवा.”

तुमची भाषा मी ओळखली. सूत्रकारांना अर्धी मात्रा वाचली तर मुलगा झाल्याइतका आनंद होत असे म्हणतात. तुम्ही तर ‘नमस्कार’सुद्धा वाचवलात. मी वर्गाबाहेर येऊन लगेच फोन लावला. वाजला, कापला गेला, मग बंद. हा निरोप पाठवायला तुम्ही दुसऱ्या कोणाचा तरी मोबाइल मागून घेतला असणार. म्हणजे तुम्ही पत्र वाचलंत, उठलात, कोणाकडं तरी गेलात. एवढी धावपळ तुम्ही गेल्या वर्षी करुणाच्या निकालालाही केली नव्हती. ही टोचणी नाही. मी विचार करतो आहे, आणि तो विचार मला बरा वाटत नाही.

सूत्राला भाष्य लागतं. होता तिथं का ठेवू? तुम्ही कारण सांगा, मी उद्या ठेवतो. नाहीतर करुणाला काय सांगू? ती सकाळी निघताना चादर काढते आणि शून्याकडं पाहून मान हलवते, समाधानानं, एखाद्या मापाला पास करावं तशी.

इकडं विशेष काही नाही. करुणाच्या उजव्या कोपराला खरचटलं आहे. जिन्यावरून घसरली. हळद लावली. गाडी तीन दिवस घरीच आहे. सुलेखा जिन्याला रोज शिव्या देते.

उत्तर लवकर पाठवा. एक ओळ चालेल. फक्त या वेळी ‘कारण’ हा शब्द तिच्यात असावा.

काकासाहेब


पुंडलिकनगर
सोमवार, १ डिसेंबर

दाजी,

जिना नव्हता.

सुलेखाला जिना सांगितला, आणि तीच गोष्ट तुम्हालाही लिहून टाकली, म्हणजे मला बदलावी लागणार नाही. आता बदलतो.

बावीस तारखेला, शनिवारी सकाळी करुणा शेंद्र्याला निघाली होती. मोकळा रस्ता, काटा ऐंशीला टेकला, आणि हँडल तिच्या हातात थरथरायला लागलं. आधी थोडं, मग असं की दोन्ही हातांनी धरूनही आवरेना. ती रस्ता सोडून मुरमात गेली आणि आडवी झाली. मागून टेम्पो येत होता. त्या माणसानं कुठून टेम्पो काढला त्यालाच ठाऊक. हेल्मेटला उजव्या बाजूनं पार घासलं आहे. मी ते माझ्या पलंगाखाली ठेवलं आहे, सुलेखाला दिसू नये म्हणून. सुलेखा बाजारात असताना कंपनीच्या गाडीनं दोघींना घरी आणून सोडलं, मुलीला आणि मोटारसायकलीला.

मी विचारलं, “पण हँडल थरथरलं कशानं?”

ती म्हणाली, “काय नाय मामा. रोड खराब होता. खडी होती.”

काल संध्याकाळी मी रिक्षा करून तिथं जाऊन आलो. रस्ता माझ्या अंगणापेक्षा गुळगुळीत आहे.

तिथून सरळ सांडूकडं गेलो. तो दुकान बंद करत होता. मी शटर धरून उभा राहिलो. म्हटलं, त्या दिवशी सत्तरला काय झालं होतं ते सांगितल्याशिवाय मी इथून हलत नाही.

“हँडल हातात बोलाया लागलं व्हतं गुरुजी. अजून दहा वाढवले असते तर तुमी अन् मी दोघं गेलो असतो.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“मी बोललो तर कोण आईकतं? गोकुळच्या गाडीला नाव ठेवलं की सांडू जळतो म्हनत्यात. करुणा तर तोंडावर म्हनती. शिवमच्या वख्ताला बी मी बोललो व्हतो. काय झालं? गोकुळनं माझ्याशी बोलनं टाकलं.”

शिवम. चितेगावचा. तुमचं पहिलं गिऱ्हाईक, ज्याची गाडी तुम्ही अशीच पुढून लांब करून दिली होती आणि जो पैठण रोडला पडून सहा महिने खाटेवर होता. त्याचा बाप तुमच्या दारात आला होता तेव्हा मीही ओट्यावर बसलेलो होतो. तुम्ही त्याला सांगितलेलं वाक्य मला आठवतं. रोड खराब होता, खडी होती. करुणा तेव्हा दाराआड उभी असावी. शब्द तसेच आहेत, क्रमसुद्धा.

पुढच्याच महिन्यात तुम्ही गॅरेजला कुलूप लावलंत. आम्ही समजलो, धंदा बसला.

रात्रीच्या जेवणाला मी सुलेखाला सहज विचारल्यासारखं विचारलं, दाजींनी मीटर कधी उघडलं होतं काय. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “जायच्या आदल्या दिवशी. दिवसभर ओट्यावर तेच घेऊन बसले होते. मी म्हणलं, अहो, उद्या जायचं अन् आज हे काय काढलं? तर म्हणले, ‘करुणा चालवंल. तिला सांगून ठेवलंय, काटा ऐंशीला टेकला की मूठ सोडायची. ती ऐकते माझं.’ का रे दादा?”

मी म्हटलं, सहज.

म्हणजे असं. शिवमच्या वेळी तुम्हाला कळलं नसेल. नंतर तुम्ही घरची गाडी एकटेच पळवून बघितलीत, आणि तीही तशीच निघाली. ती मोडून टाकली असती तर शिवमच्या बापापुढं कबुली दिल्यासारखं झालं असतं. करुणाला ‘चालवू नको’ म्हटलं असतं तर तिनं ‘का’ विचारलं असतं. म्हणून काटा पुढं नेऊन चिकटवलात. ती ऐंशी बघणार, मूठ सोडणार, आणि गाडी खरी साठलाच राहणार. मी हे अनुमानानं लिहितो आहे. खोटं असेल तर खोटं आहे असं कळवा, मी शंभर वेळा माफी मागेन आणि ती संस्कृतातही मागेन.

आणि खरं असेल तर त्या पोरीनं तुमचा शब्द एकदाही मोडलेला नाही. आत्तापर्यंत ती रोज ऐंशीलाच मूठ सोडत आली आहे. त्या शनिवारीही ऐंशीलाच सोडणार होती. फक्त मी तो ऐंशी खरा करून ठेवला.

सांडू गाडीला हात लावायला तयार नाही. म्हणतो, पुढची नळी कापून, वाकवून, पुन्हा जोडली आहे. आत कशाचा आधार दिला आहे ते ज्यानं जोडली त्यालाच माहीत. “मी खोललं अन् उद्या तुटलं तर? गाडी बंद करा गुरुजी. नायतर त्याला इचारा.”

विचारतो आहे.

काकासाहेब


पुंडलिकनगर
शुक्रवार, ५ डिसेंबर

दाजी,

तुमचं उत्तर नाही. म्हणून मी तुमचा आदेश पाळायला गेलो आणि तिथंच सगळं फिसकटलं.

बुधवारी करुणा बसनं कामावर गेली होती. कोपर अजून नीट वाकत नाही. मी गाडी ढकलत सांडूकडं नेली. म्हटलं, काटा होता तिथं ठेव. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी देवळातली घंटा विकायला आणली आहे. पण ठेवला. वीसवर. गोंदाचा थेंबही लावला. मी गाडी परत पारिजातकाखाली आणली, चादर घातली, चादरीच्या घड्यासुद्धा पूर्वीसारख्या पाडल्या. गुन्हेगार इतकी मेहनत का घेतात ते मला पहिल्यांदा समजलं.

ती आली, चादर उचलली.

“मामा, हा वीसवर कोणी नेला?”

“सरकला असेल.”

“मामा, तुमाला खोटं बोलताना गळ्यापाशी हात जातो. शाळेतली पोरं बी ओळखत असतील.”

माझा हात तिथंच होता. मग मी तिला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. सांडूचं, शिवमचं, ओट्यावरचं. तुमचा निरोप दाखवला. तो तिनं बराच वेळ धरून ठेवला. चार शब्दांत किती वाचायचं असतं कोण जाणे. मला वाटलं रडेल. रडली नाही.

“म्हणजे मेथीवाली बाई बरोबर होती,” म्हणाली.

मग म्हणाली, “मी रोज आईला सांगायची, आज बी ऐंशीच्या वर नाय गेले. पप्पांचा फोन आला तर सांग.”

सुलेखा जिन्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं आली आणि म्हणाली, “हेल्मेट कुठंय?” मी पलंगाखालून काढून दिलं. ते ती मांडीवर घेऊन बसली. तेव्हापासून आज सकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आमच्या संस्थेत एक सभासद वाढला.

करुणानं मात्र त्याच संध्याकाळी मीटर स्वतः उघडलं. आईच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं काटा काढला आणि शून्यावर बसवला. हात जराही हलला नाही. तुमचीच बोटं आहेत. मी म्हटलं, करुणा, गाडीत दोष आहे, मीटर कसंही असो.

“असं सांडूकाका म्हणतात. ते पप्पांच्या सगळ्याच गाड्यांना म्हणतात. अन् तुमी सांडूकाकांचं ऐकून म्हणता. पप्पा म्हणाले का?”

“पप्पांनी काटा पुढं ठेवला, यातच ते आलं ना.”

“नाय आलं. कदाचित त्यांना वाटलं मी लहान आहे, पडेन. गाडीला नाय नाव ठेवलं त्यांनी, मला ठेवलं. मला ते विचारायचंय. गाडी वाईट हाय का मी वाईट चालवते?”

दाजी, हे वाक्य मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिलं आहे. ते दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

तिनं सुट्टी टाकली. मंजूर झाली. शनिवारी, तेरा तारखेला, उजाडताच ती होसूरला निघते आहे. त्याच गाडीवर. सोलापूर, विजापूर, चित्रदुर्ग असं तिनं मोबाइलवर पाहून ठेवलं आहे. वाटेत एक मुक्काम मैत्रिणीच्या मावशीकडं. म्हणते, पप्पांच्या दारात गाडी उभी करीन आणि विचारीन.

“बसनं जा,” मी म्हटलं. “मी येतो बरोबर.”

“गाडीच नसली तर दाखवू काय त्यांना?”

“निदान साठच्या वर जाऊ नको.”

“ऐंशीला सोडीन मूठ. पप्पांनी शिकवलंय.”

“मी साठ म्हणतो.”

“ते तुमी म्हणता, मामा.”

हे ती उद्धटपणे बोलली नाही, हे लक्षात घ्या. प्रेमानं बोलली. माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलली, शिपायाला समजावतात तसं.

मी गाडीचा प्लग काढून कपाटात कोशांच्या मागं लपवला. तिनं नवा आणून बसवला, आणि माझा कपाटातून शोधून, घासूनपुसून, जेवताना माझ्या ताटाशी ठेवला. लोणच्याच्या जागी. किल्ली लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही तिला किल्लीशिवाय गाडी चालू करायला नववीत असताना शिकवलं होतंत. फाटकाला कुलूप घालू शकतो. ती बाविशीची आहे, कमावती आहे, आणि मी मामा आहे. कुलूप किती दिवस?

आज सकाळी सुलेखा दोन दिवसांनी एक वाक्य बोलली. माझ्याकडं न पाहता बोलली. “दादा, त्यांना लिहा, मला काहीच नको. यायला बी नको. पोरीला एक फोन करा म्हणावं.” ते लिहिलं.

आता मी काय मागतो ते सांगतो. शिवमच्या बापाला तुम्ही काय सांगावं हा तुमचा प्रश्न. मी त्यात नाही. माझ्याशी बोलू नका, जन्मभर बोलू नका. करुणाचा नंबर तोच आहे, तुम्ही बंद केलेला. तो उघडा आणि तिला सांगा की गाडीचं पुढचं काम चुकलं आहे, ते मी केलं आहे, तू चांगली चालवतेस. ती तुमच्या तोंडून ऐकेल, दुसऱ्या कोणाच्या नाही. हे तुम्हीच सुलेखाला ओट्यावर सांगितलंत. ती चिडेल, कदाचित खूप काही बोलेल. तेही ऐकून घ्या. मग ती बसनं येईल, किंवा येणारही नाही. पण त्या गाडीवर बसणार नाही.

हे पत्र तुम्हाला मंगळवारी, फार तर बुधवारी मिळेल. तेरा तारखेला शनिवार आहे.

मागची पत्रं लिहिताना मी थोडी गंमत करत होतो, कारण त्याशिवाय मला तुम्हाला काही लिहिता येत नाही. आज लिहून बघतो. दाजी, रस्त्याची, टेम्पोची, त्या लांब दांड्यांची मला भीती वाटते. पण त्याहून जास्त भीती मला तुमच्या लाजेची वाटते. तुम्ही वाईट माणूस नाही. तुम्ही हे पत्र वाचाल, दहा वेळा मोबाइल उचलाल. आणि लाजेनं फोन करणार नाही. आणि शनिवारी ती तुमचा शब्द पाळत ऐंशीपर्यंत जाईल.

काकासाहेब